घडवणाऱ्याची जबाबदारी : विदर्भाची लोपामुद्रा आणि फ्रँकेन्स्टाइन

महाभारताच्या वनपर्वात विदर्भाच्या एका राजकन्येची विलक्षण जन्मकथा आहे. अगस्त्य ऋषीला एका खड्ड्यात आपले पितर उलटे लटकलेले दिसतात. वंश पुढे चालला नाही तर त्यांना गती नाही, आणि अगस्त्याला तर बायकोच नाही. आपल्याला साजेशी स्त्री कुठे दिसेना, तेव्हा तो ती स्वतःच घडवतो. ज्या प्राण्याचा जो अवयव सर्वांत सुंदर, तो घेऊन, सगळे जुळवून तो एक मुलगी निर्माण करतो आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भाच्या राजाच्या हवाली करतो. तीच लोपामुद्रा.

अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडण्यपूर हीच विदर्भाची प्राचीन राजधानी कुंडिनपूर, असे परंपरा मानते. १९६०च्या दशकात मो. गं. दीक्षित यांनी इथे उत्खनन केले आणि वस्तीचे प्राचीनत्व पुराव्यानिशी पुढे आले. वऱ्हाडात हे गाव रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखले जाते. इथून दरवर्षी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. नळाची दमयंतीही इथलीच. याच विदर्भ राजकुळात वाढलेली लोपामुद्रा मात्र फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही. तिची कथा नीट वाचली, तर युरोपातल्या भयकथेने एकोणिसाव्या शतकात विचारलेला प्रश्न इथे फार आधी उभा राहिलेला दिसतो : जो घडवतो, तो घडवलेल्याचे काय देणे लागतो?

युरोपात ‘गॉथिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भयकथांची सुरुवात १७६४ साली आलेल्या होरेस वॉलपोलच्या ‘द कासल ऑफ ओट्रँटो’पासून धरतात. पडके किल्ले, तळघरे, पूर्वजांची पापे, शाप असा त्यांचा सरंजाम. त्यात भीती बाहेरून यायची, नाहीतर वाडवडिलांकडून वारशाने यायची. मेरी शेलीने हे बदलले. तिच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये भीती माणूस स्वतःच्या हाताने घडवतो. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५च्या उद्रेकानंतर युरोपात पुढच्या वर्षी उन्हाळा असा आलाच नाही. १८१६च्या त्या पावसाळी दिवसांत जिनिव्हाजवळच्या एका बंगल्यात कवी बायरनने जमलेल्यांना एकेक भुताची गोष्ट लिहायला सांगितली, आणि अठरा वर्षांच्या मेरीला ही कथा सुचली. १ जानेवारी १८१८ रोजी ती लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली.

कथेचा सांगाडा बहुतेकांना ठाऊक असतो. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा तरुण मृत देहांचे भाग जोडून एक जीव तयार करतो आणि तो जीव त्याच्या घराचा सर्वनाश करतो. यावरून ‘विज्ञानाने मर्यादा ओलांडली की असे होते’ असा धडा काढण्याची पद्धत आहे. मराठीत त्यासाठी भस्मासुराचे उदाहरण हाताशी असतेच : शंकराने वर दिला, असुराने तो शंकरावरच चालवून पाहायचे ठरवले, आणि देवाला पळता भुई थोडी झाली. ही तुलना सोयीची आहे, पण चुकीची. भस्मासुराच्या कथेत दोष देण्यातच आहे. पात्र न पाहता दिले, एवढेच तिचे म्हणणे. शिवाय निस्तरायला मोहिनीरूपातला विष्णू येतो, देणारा सुटतो. मेरी शेलीचा आरोप याहून कडक आहे. तिच्या मते व्हिक्टरचा अपराध जीव घडवण्यात कमी आहे, घडवल्यावर टाकून देण्यात जास्त आहे.

व्हिक्टरनेही अवयव निवडताना ते सुंदर असतील असेच पाहिले होते. पण जीव डोळे उघडतो, आणि त्या रूपाची किळस येऊन निर्माता खोलीतून पळ काढतो. नाव नाही, अन्न नाही, भाषा नाही. तो जीव जंगलात एका झोपडीआड लपून, आत राहणाऱ्या कुटुंबाचे बोलणे ऐकत भाषा शिकतो. मिल्टनचे ‘पॅराडाइज लॉस्ट’ वाचतो आणि देवाने आदमला निदान सोबत तरी दिली होती, हे त्याच्या ध्यानात येते. माणसे त्याला दगड मारतात, त्याच्यावर गोळी झाडतात. त्यानंतर तो सुडाला उठतो. त्याने व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा जीव घेतला, तो खून निरपराध मोलकरीण जस्टिनवर शेकतो आणि ती फासावर जाते. खरा खुनी कोण, याची व्हिक्टरला खात्री असते, तरी तो न्यायालयात तोंड उघडत नाही. लोक वेडा म्हणतील, ही त्याची सबब. कादंबरीतली सर्वांत काळी जागा कोणत्याही स्मशानात नाही, या गप्प बसण्यात आहे.

पुढे तो जीव आल्प्स पर्वतात व्हिक्टरला गाठून आपले मागणे मांडतो : माझ्यासारखीच एक जोडीदारीण घडवून दे, आम्ही माणसांपासून दूर निघून जाऊ. व्हिक्टर कबूल होतो, कामाला लागतो आणि अर्धवट घडलेली स्त्री स्वतःच फाडून टाकतो. त्याचे कारण अगदीच पोकळ नाही. या दोघांची संतती वाढली तर माणसांचे काय, ही त्याची भीती आहे. निर्मात्याचे देणे एकट्या निर्मितीलाच असते की उरलेल्या जगालाही, ही अडचण शेली खरीच मांडते आणि सोडवत नाही. तरी एक गोष्ट राहतेच. हा विचार करण्याची वेळ पहिला जीव घडवण्याआधीची होती. १८३१च्या सुधारित आवृत्तीत शेलीने व्हिक्टरच्या वागण्याचा बराच भार दैवावर टाकला. त्यामुळे व्हिक्टर थोडा सुटतो आणि कादंबरी तेवढी मवाळ होते. १८१८ची आवृत्ती अधिक निर्भीड आहे.

आता पुन्हा विदर्भाकडे. अगस्त्यही काही निर्दोष नाही. त्याने लोपामुद्रा स्वतःसाठी घडवली, हे महाभारत लपवत नाही. वाढवण्याचा भार त्याने दुसऱ्यावर टाकला, आणि ती वयात येताच तो मागणी घालायला हजर. राजाराणीला मुलगी द्यायची नसते, पण शापाची भीती असते. त्या पेचातून आईवडिलांना सोडवते ती लोपामुद्राच : मला देऊन टाका, स्वतःला वाचवा. लग्नानंतर अगस्त्याच्या सांगण्यावरून ती राजवस्त्रे उतरवून वल्कले नेसते आणि त्याच्या बरोबरीने तप करते.

पण मूल व्हावे म्हणून अगस्त्य जवळ येतो, तेव्हा ती अट घालते. वडिलांच्या वाड्यात होती तशी शय्या हवी, वस्त्रे हवीत, दागिने हवेत. आणि हे सगळे तपाचे पुण्य खर्ची न घालता. घडवलेली बोलते आणि घडवणारा उठून कामाला लागतो. तो तीन राजांकडे जातो. तिघांचाही जमाखर्च समसमान निघतो. त्यातून काही घेतले तर प्रजेला त्रास होईल, म्हणून तो हात लावत नाही. शेवटी त्या राजांसह तो इल्वल असुराकडे जातो. भाऊ वातापीला मेंढा करून ब्राह्मणांना खाऊ घालायचे आणि मग हाक मारून पोट फाडून बाहेर बोलवायचे, हा इल्वलाचा खेळ. अगस्त्य वातापीला पचवतो आणि धन घेऊन परततो. निर्मितीचे देणे फेडायचे, पण तिसऱ्याच्या जिवावर नाही, हा विवेक व्हिक्टरला शेवटपर्यंत साधत नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १७९व्या सूक्तातही या दोघांचा संवाद आहे, आणि तिथेही बोलायला सुरुवात लोपामुद्राच करते.

मराठी भयकथेला हा धागा अगदी अनोळखी नाही. नारायण धारपांची एक कथा दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी १९९३ साली विदर्भातल्याच नागझिऱ्याच्या जंगलात मित्राकडून ऐकली. त्यातून उगवलेला ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट २०१८ साली आला. त्यात समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर सोन्याबरोबर धान्यही बळकावू पाहतो. इतर देव त्याच्यावर तुटून पडतात, तेव्हा आई त्याला पोटात लपवते. त्याची पूजा कधीच होणार नाही, ही अट. व्हिक्टरने निर्मितीला टाकले, ही आई तिला टाकत नाही. पण ती मुलाला फक्त लपवते, त्याची भूक तशीच ठेवते, आणि त्या भुकेची किंमत तुंबाडच्या वाड्यातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागते. हस्तरच्या लोभाइतकाच त्याच्या आईचा लाडही तुंबाडच्या नाशाला जबाबदार आहे.