पाण्याचा मार्चएंड

पत्र्यावर एक मिलीमीटर पाऊस पडला तर पागोळ्याही धड गळत नाहीत. अंगण जेमतेम ओलं होतं, मातीचा वास येतो आणि संपतं. त्याला कुणी पाऊस म्हणत नाही, भुरभुर म्हणतात. पण एक चौरस मीटर जागेवर पडलेला एक मिलीमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हेक्टरभर रानावर तेवढाच पडला तर दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. आणि हिवरे बाजारच्या सगळ्या शिवारावर, सुमारे ९७६ हेक्टरांवर, अशी भुरभुर झाली तर ९७ लाख लिटरांच्या वर. जवळजवळ हजार टँकर, एका भुरभुरीत.

हा गुणाकार पहिल्यांदा केला तेव्हा मी तो दोनदा तपासून पाहिला होता. एका गावाची ग्रामपंचायत हाच गुणाकार दरवर्षी मांडते आणि त्याच्या उत्तरावर गावात काय पेरायचं ते ठरतं, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

हिवरे बाजार हे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, नगर तालुक्यातलं गाव. पर्जन्यछायेतलं. वर्षाकाठी चारशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस. १९७२ च्या दुष्काळानं गाव खचलं, माणसं कामासाठी बाहेर पडली. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावानं धरली. पुढचा कायापालट बहुतेकांनी वाचलेला आहे, २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली हेही ठाऊक आहे. मला बोलायचंय ते कायापालटानंतरच्या साध्या कामाबद्दल. दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं त्या कामाबद्दल.

कुठल्याही ग्रामपंचायतीचं पैशाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. घरपट्टी, पाणीपट्टी, नमुना ८ ची आकारणी यादी, मार्चमधली वसुलीची धावपळ, सगळं त्या चौकटीत बसतं. पाण्याचं वर्ष वेगळं. ते १ जूनला उघडतं आणि ३१ मे रोजी मिटतं. बहुतेक गावांत हे दुसरं वर्ष कुणी मांडत नाही, ते आपोआप येतं आणि जातं. हिवरे बाजारमध्ये त्याचाही ताळेबंद होतो. जमा, खर्च, शिल्लक.

एप्रिलपासून बघू. पावसाळा यायच्या आत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पिण्याच्या पाण्याच्या जागांची पाहणी होते: विहीर, हातपंप, टाकी, नळाचे व्हॉल्व्ह. गळती आहे का, भोवती घाण साचते का, टीसीएल पावडरचा साठा पुरेसा आहे का. त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. धोका मोठा असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, थोडा असेल तर हिरवं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा हीच पाहणी. सलग पाच वर्षं हिरवं कार्ड टिकवलं आणि साथ आली नाही, तर चंदेरी कार्ड. पंचायतीच्या भिंतीवर लटकलेल्या अशा कार्डाकडे आपण कधी नीट बघत नाही. पाच वर्षं गावात जुलाबाची साथ आली नाही, एवढी मोठी बातमी त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर असते.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम, असं प्रमाण जलसुरक्षकाला तोंडपाठ असतं. पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर आधी बादलीत कालवायची, निवळी टाकीत सोडायची, अर्धा तास थांबायचं आणि मग पाणी सोडायचं. त्यानंतर जलसुरक्षक गावाच्या शेवटच्या घरी जातो. टाकीजवळच्या घरी तपासून उपयोग नाही, कारण पावडरीतला क्लोरीन वाटेत खर्ची पडत असतो. शेवटच्या नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ओटी या तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन इथवर पोचला. पाणी जसंच्या तसं राहिलं तर त्या घरातली पोरं आज असुरक्षित पाणी पिणार. पावडरीचं पोतं उघडं राहिलं तर तिचा जोर उडून जातो, म्हणून पोत्याचं तोंड घट्ट बांधणं हेसुद्धा पंचायतीचंच काम. कुणाच्या लक्षातही येत नाही, पण गावाची प्रकृती या सुतळीच्या गाठीवर टिकलेली असते.

उन्हाळा हा मातीकामाचा हंगाम. डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे तर चराची रेघ एका पातळीत हवी. तिरकी गेली तर पाणी एका टोकाला धावतं आणि बांध फोडतं. ही पातळी काढायची युक्ती मला फार सुंदर वाटते. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन माणसांनी दोन टोकं धरून डोंगरावर उभं राहायचं. दोन्हीकडचं पाणी सारख्या उंचीवर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. तिथे फक्कीची खूण करायची आणि पुढे सरकायचं. पाण्याला अडवायच्या रेघा पाणीच आखून देतं.

मग जून. आपल्याकडे चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजायची रीत आहे. पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा वहीत टिपायचा. पाऊस नसेल त्या दिवशीही टिपायचा. जमेची बाजू अशी थेंबाथेंबानं भरत जाते.

पण आभाळातून पडलं ते सगळं गावाचं नव्हे. काही वाहून जातं, काही उन्हानं उडतं, काही मातीत राहून पिकाला मिळतं, आणि थोडं खाली झिरपून खडकात शिरतं. हे शेवटचं पाणी म्हणजे गावाची खरी ठेव. ती किती, हे पाहायचं तर खडकाचा स्वभाव कळायला हवा. आपल्या दख्खनचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर. पाणी मावतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरूमात. खडकाच्या शंभर भागांतून साधारण दोन भाग पाणीच काय ते हाती लागतं. म्हणजे विहीर एक मीटर चढलेली दिसली, तर त्या भोवतालच्या जमिनीत खरोखर भरलं ते दोन सेंटीमीटर जाडीचं पाणी.

दोन सेंटीमीटर ऐकून जीव खट्टू होतो. तरी सगळ्या शिवाराचा हिशेब करून पाहा. ९७६ हेक्टरांवर दोन सेंटीमीटर म्हणजे साडेएकोणीस कोटी लिटर. आता गावाची गरज बघू. १३०० माणसं धरली, जलजीवन मिशनच्या मापानं दर माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला होतात सुमारे २ कोटी ६१ लाख लिटर. म्हणजे सगळ्या गावाचं वर्षभराचं पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं हे विहिरींच्या पातळीत वीतभरही भरत नाही. तेरा-चौदा सेंटीमीटर. तेवढं राखलं की माणसांची तहान भागली.

आणि ऊस? हेक्टरभर उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलीमीटर पाणी सहज लागतं, म्हणजे दोन कोटी लिटर. त्यातून पावसाचे चारशे मिलीमीटर वजा करा, तरी १ कोटी ६० लाख विहिरीतून उपसावे लागतात. माझा हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा अर्थ स्पष्ट आहे: एकाच हेक्टर उसानं सगळ्या शिवाराची पाणीपातळी तीन इंच उतरते. ऊस लावणाऱ्याची विहीर त्याच्या मालकीची असेल, ते तीन इंच मात्र सगळ्यांच्या विहिरींतून जातात. हिवरे बाजारनं ऊस आणि केळी या पिकांवर बंदी घातली ती या गणितातून.

शेतीसाठी बोअर मारायलाही गावात बंदी आहे. ही बंदी मला उसाच्या बंदीपेक्षाही खोल विचारातली वाटते. साध्या विहिरीत डोकावलं की पाणी दिसतं. शेजाऱ्याला दिसतं, वाटसरूला दिसतं, शाळेतल्या पोराला दिसतं. ते उतरू लागलं की गावाला कळतं. बोअरच्या सहा इंची भोकात कुणाला काय दिसणार? पंप कोरडा पडतो तेव्हाच बातमी लागते, आणि तोवर शेकडो फूट खालच्या भेगांतली पिढ्यांची ठेव संपलेली असते. विहिरी उघड्या राहिल्या, म्हणूनच हिशेबही उघडा राहिला.

पावसाळा सरला की ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, निरीक्षणाच्या विहिरी किती भरल्या, वाहून आणि उडून किती गेलं, जमिनीत किती उरलं. खर्चाच्या बाजूला आधी माणसं, मग गुरं, मग इतर गरजा. उरेल ते शेतीला. हे पाणलोटशास्त्र काही गुपित नाही. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं १९७० च्या दशकापासून महाराष्ट्रभर विहिरींची पातळी मोजत आली आहेत. इथे वेगळं इतकंच, की आकडा कार्यालयातल्या अहवालात न थांबता ग्रामसभेत येतो.

ग्रामसभेची गणपूर्ती कायद्यानं ठरलेली आहे: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत जो आकडा कमी असेल तो. वर्षातून किमान चार सभा. त्याआधी महिलांची वेगळी सभा. जिच्या डोक्यावर हंडा असतो तिचं म्हणणं आधी ऐकावं, अशी सोय कायद्यात आहे. किती गावं ती मनापासून पाळतात, हा मोठा दुखरा प्रश्न आहे. अनेक ठिकाणी इतिवृत्तावर सह्या होतात आणि सभा संपते. सरपंचानं शिल्लक पाण्याचा आकडा सांगावा, त्यावरून रब्बीत गहू किती एकर आणि उन्हाळी पीक घ्यायचं की नाही ते ठरावं, आणि ते घरी जाऊन पाळलं जावं, हे हिवरे बाजारमध्ये याच कायद्याच्या चौकटीत घडतं. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात, हरभऱ्याचं एक-दोन पाण्यांवर भागतं. पाऊस कमी झाला त्या वर्षी शेतकऱ्यानं गव्हाचं रान हरभऱ्याला किंवा ज्वारीला द्यायचं, म्हणजे हातात येणारा पैसा सोडायचा. शेजारीही सोडतोय हे त्याला सभेत समोर दिसतं, म्हणून त्याला ते जमतं. हिशेब सगळ्यांसमोर होण्याची ताकद ही आहे.

पुढे पैशाचं वर्ष पुन्हा डोकं वर काढतं. अंदाजपत्रक, २६ जानेवारीची सभा, वसुली, दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी, दिवाबत्तीचं बिल. मार्च उजाडला की कार्यालयात कीर्द आणि पावतीपुस्तकं पसरतात, आणि ३१ तारखेच्या रात्री एक वर्ष बंद होतं.

दुसरं अजून दोन महिने चालू असतं. एप्रिलमध्ये कार्डवाले येऊन जातात. वैशाखात विहिरींचे कातळ उघडे पडू लागतात. मे संपता संपता निरीक्षणाच्या विहिरीत टेप सोडली जाते. तिचं ओलं टोक वर येतं, पाणी किती खोल आहे ते वाचलं जातं आणि वहीत उतरतं. हीच पुढच्या वर्षाची आरंभीची शिल्लक. मग पान उलटतं. वर १ जून ही तारीख पडते आणि पावसाच्या रकान्यात पहिला शब्द येतो: निरंक.