‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ : वाचकांचे दोन तट
जॅरेड डायमंड यांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या या ग्रंथाबद्दल वाचकांत आजही दोन तट आहेत. गोऱ्यांकडेच एवढा ‘कार्गो’, म्हणजे बाहेरून येणारा माल, का, या न्यू गिनीतील याली नावाच्या पुढाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर वंशात नसून माणसाळवता येण्याजोग्या प्राणी-वनस्पतींच्या उपलब्धतेत आहे, ही मांडणी अनेकांना वंशवादावरचा उतारा वाटते, आणि ते रास्तच आहे. जेम्स ब्लाउट यांच्यासारख्या भूगोलतज्ज्ञांना मात्र तीत भौगोलिक नियतिवाद, म्हणजे भूगोलच इतिहास ठरवतो ही धारणा, दिसली. उदाहरणार्थ, १५३२ मध्ये पेरूतील काहामार्का येथे स्पॅनिश सेनानी पिझारोच्या १६८ माणसांनी इंका सम्राट अताउआल्पाला कैद केले, त्यामागे पोलाद आणि घोडे होतेच. पण बहुतांशी निःशस्त्र लवाजम्यावर दबा धरून तुटून पडण्याचा निर्णय माणसांचा होता, हा आक्षेप सहज झटकता येत नाही.