जंतांच्या वाटा आणि तपासणीची वेळ

माणसाच्या शरीरात राहणारे परजीवी मुख्यतः तीन वाटांनी आत येतात: तोंडाने, कातडीतून आणि कीटकाच्या चाव्यातून. कोणती तपासणी करायची, हे बरेचसे या वाटेवरून ठरते. सातारा जिल्ह्यातले औंध आणि भोवतालचा खटाव, माण, आटपाडीचा पट्टा कमी पावसाचा, विहिरींवर आणि शेळ्यामेंढ्यांवर जगणारा. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात असली तरी पूर्वी औंध संस्थानातलीच. अशा मुलखात पाणी, माती आणि जनावर या तिन्हींचा विचार करावा लागतो.

पाण्याचे जुने उदाहरण नारूचे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून भरलेले पाणी तसेच प्यायले की सायक्लॉप्स या सूक्ष्म जिवाबरोबर नारूची अळी पोटात जाई. सुमारे वर्षभराने जवळजवळ मीटरभर लांबीची मादी, बहुधा पायावर फोड येऊन, बाहेर पडे. काडीला गुंडाळत ती रोज थोडीथोडी ओढायची, एवढाच उपाय होता. ना औषध, ना लस. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, त्या वेळी महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. फडक्याने पाणी गाळणे, पायऱ्या बंद करणे, हातपंप बसवणे अशा साध्या कामांनी रोग हटला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. नारूचे निदान डोळ्यांनी होई. बाकीचे परजीवी इतके उघड वागत नाहीत.

मूल दात खाते किंवा गोड फार मागते म्हणजे जंत झाले, ही घरोघरची समजूत निदान म्हणून निरुपयोगी आहे. वारंवार पोटदुखी, वजन न वाढणे, शौचात जंत दिसणे, दोन आठवड्यांहून लांबलेले जुलाब किंवा शौचात रक्त-आव पडणे, ही तपासणीची खरी कारणे. जंतांची अंडी शौचात रोज सारखी पडत नाहीत. म्हणून एकच नमुना निर्दोष आला तरी शंका मिटत नाही. वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत. नमुन्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये. अनवाणी शेतात वावरणाऱ्याला दम लागत असेल, चेहरा फिका पडला असेल, तर हिमोग्लोबिनबरोबर शौचही तपासावे: अंकुशकृमीची अळी तळपायाच्या कातडीतून शिरते आणि पुढे आतड्यात रक्त पिते. रात्री गुदद्वाराशी खाज सुटत असेल तर शौचाचा नमुना बहुधा फसवतो. सुतकृमीची मादी अंडी बाहेरच्या कातडीवर घालते. सकाळी आंघोळीआधी पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून तीच तपासायला द्यावी. औषध मग घरातल्या सगळ्यांनी घ्यायचे.

काही परजीवींचा शौचात मागमूस लागत नाही. मेंढीच्या यकृत-फुप्फुसातल्या गाठी कुत्र्याने खाल्ल्या की त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी पसरतात. ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढते. माणसात हा कृमी आतड्यात राहतच नाही. त्यामुळे मेंढपाळ कुटुंबात उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा दुखणे असेल तर सोनोग्राफी हवी, आणि अशा गाठीत पूर्वतयारीविना सुई घालणे धोक्याचे: गाठ फुटून तीव्र ॲलर्जी होऊ शकते. डुकराच्या पट्टकृमीची अंडीही अशीच फसवी. ती माणसाच्या विष्ठेतून पाण्यात-भाजीत येतात, म्हणून कट्टर शाकाहाऱ्यालाही मेंदूत गाठी होऊ शकतात. प्रौढ वयात पहिल्यांदाच फिट आली तर मेंदूचे स्कॅन टाळू नये. थंडी वाजून ताप आला तर कीटकाच्या चाव्यातून येणाऱ्या हिवतापासाठी रक्त त्याच दिवशी तपासावे.

शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनी १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल मिळते: दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची गोळी, त्याहून लहानांना अर्धी. त्यासाठी आधी तपासणी लागत नाही. मात्र फिट येणाऱ्या मुलाला ती डॉक्टरांना विचारूनच द्यावी, आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये. गोळी घेऊनही लक्षणे राहिली, तर दोन ते चार आठवड्यांनी शौच पुन्हा तपासून घ्यावे.