पाण्याचा परवाना आणि पाण्याचं माप

मागच्या वेळी आपण 'हक्क' या शब्दावर बोललो. नंतर एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली, "सर, कॅनॉलचं पाणी माझ्या हक्काचं म्हणता, मग ते मला पाहिजे तेव्हा का मिळत नाही?" चिठ्ठी दोन ओळींची आहे, पण प्रश्न मोठा आहे. आज तोच घेऊ.

आधी माझ्या मामांची गोष्ट सांगतो. तापीच्या पलीकडे त्यांचं शेत होतं, एका चारीच्या अगदी टेलला. काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. एका वर्षी हरभरा फुलावर होता आणि अवकाळी पाऊस झाला. जमिनीत ओल भरपूर. चार दिवसांनी चारीला पाणी आलं. मामांना पाण्याची गरज नव्हती, तरी रात्रभर जागून त्यांनी ते घेतलं. मी विचारलं, कशाला? ते म्हणाले, "आपन नई घेतलं तं दुसरा घेईन. अन् पुढच्या टायमाला आपल्याला कोन देईन?" हरभरा माजला, नुसता पाला वाढला, घाटे धरलेच नाहीत. पुढे फेब्रुवारीत शेजारच्या गव्हाला पाणी हवं होतं, तेव्हा चारी कोरडी होती.

मामा अडाणी नव्हते. त्या व्यवस्थेत ते अगदी शहाण्यासारखे वागले, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

ती व्यवस्था काय होती? १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम. शेतकऱ्याने नमुना नंबर ७ चा अर्ज भरायचा. त्यात गट नंबर, पीक आणि क्षेत्र लिहायचं. मंजुरी आली की शेजपाळीने पाणी. पट्टी कशावर? तर पीक आणि हेक्टर यांवर. म्हणजे परवाना पाण्याचा वाटतो, पण कागदावर पाणी कुठेच नाही. तिथे पीक आहे, जमीन आहे, हंगाम आहे. किती घनमीटर, हे कोणी मोजत नाही. तुम्ही सारा पाडून जपून पाणी दिलंत किंवा रात्रभर मोकाट सोडलंत, पट्टी तीच. वाचवलेलं पाणी तुमच्या नावावर जमा होत नाही. जे मोजलं जात नाही ते वाचवता येतं, पण वाचवलं असं सिद्ध करता येत नाही.

२००५ साली महाराष्ट्रात दोन कायदे झाले. एक, सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा. दुसरा, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. दुसऱ्यात जास्त अपत्यं असणाऱ्याला दीडपट पाणीपट्टी, असंही एक कलम घातलं होतं. पाण्याच्या कायद्यात कुटुंबनियोजन कुठून आलं, ते असो. मुख्य बदल असा की पाणी वापर संस्थेला घनमापनाने पाणी मिळावं, म्हणजे मोजून. संस्थेच्या तोंडाशी मापक बसवायचा, पट्टी घनमीटरवर. आत कोणी कोणतं पीक घ्यायचं ते शेतकरी ठरवतील. रब्बीचं न वापरलेलं पाणी, बाष्पीभवनाची वजावट करून, उन्हाळ्यासाठी मागे ठेवता येतं. आणि हंगामापुरता किंवा वर्षापुरता आपला कोटा दुसऱ्याला देण्याची कल्पनाही, प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली, कायद्यात आहे.

मामांच्या शेताला हे लावून बघू. आकडे सोयीसाठी धरतो. एक हेक्टर, रब्बीत चार पाळ्या, दर पाळीला आठ सेंटिमीटर पाणी. आठ सेंटिमीटर म्हणजे हेक्टरी ८०० घनमीटर. चार पाळ्यांचं ३२०० झालं. हरभऱ्याला दोन पाळ्या पुरल्या तर १६०० उरलं. जुन्या परवान्यात या १६०० ला काही अर्थ नव्हता. नव्या हिशेबात ते गव्हाला जाईल किंवा उन्हाळी भुईमुगासाठी धरणात थांबेल. अर्थात आपलं भुसावळ आहे! मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, धरणात ठेवलेलं पाणी सगळं परत मिळणार नाही. वजावट आहे ती त्यासाठीच.

हे कागदावरच राहिलं का? बऱ्याच ठिकाणी राहिलं, हे खरं आहे. मापक तुटलेले, संस्था नावापुरत्या. पण नाशिक जिल्ह्यातला वाघाड प्रकल्प पाहा. दिंडोरी तालुक्यात धरण, आणि टेलला ओझर. टेलवाल्यांना पाणी पोहोचत नव्हतं, म्हणून तिथेच नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या संस्था उभ्या राहिल्या. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राने ते काम उचललं. पुढे संपूर्ण प्रकल्पावर संस्था झाल्या, त्यांचा महासंघ झाला. ओझरकरांची युक्ती मला फार आवडते. आवर्तनाचं पाणी त्यांनी बाणगंगेवरच्या बंधाऱ्यांत अडवलं, ते विहिरींत मुरलं, आणि विहिरीतून द्राक्षाला ठिबकने, लागेल तेव्हा. कालवा त्याच्या तारखेला येतो, द्राक्षबाग तिच्या गरजेला पाणी घेते, मध्ये विहीर उभी आहे. त्या विहिरीच्या पाण्याचीही पट्टी संस्था घेते, कारण ते मुरलेलं पाणी सगळ्यांचं आहे.

हे शेवटचं वाक्य जरा धरून ठेवा. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला इथे रोमन कायदा आठवतो. वस्तूचं फळ भोगण्याचा हक्क वेगळा आणि वस्तू आपली असणं वेगळं, असा भेद त्यांनी केला. आपल्या २००५ च्या कायद्यानेही पाण्याचा हक्क असाच, उपभोगाचा, मानलाय. मालकीचा नव्हे. आता मामांचा हिशेब पुन्हा बघा. त्यांनी जास्तीचं पाणी सोडलं तेव्हा ते वाया गेलं का? सगळं नाही. काही मुरलं, खालच्या शेतातल्या विहिरीला लागलं. त्या शेतकऱ्याची केळी मामांच्या 'उधळपट्टी'वर जगत होती! उद्या मामांनी ठिबक केलं आणि 'वाचलेलं' १६०० घनमीटर दूरच्या कुणाला दिलं, तर मामा कार्यक्षम ठरतील, पाणी घेणारा खूश होईल, आणि खालची विहीर आटेल. त्या माणसाचा कुठल्याच कागदावर हक्क नाही. लॉकने सामायिक वस्तूतून घेण्याला एक अट घातली होती, की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे उरलं पाहिजे. पाण्याची लवचिकता इथेच अडते. यावल-रावेरला विहिरी दरवर्षी किती खोल चालल्यात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून कोटा हलवायचा तर कुणाला विचारून हलवायचा, हे आधी ठरवावं लागतं. आपल्या खानदेशात याचं उत्तर जुनं आहे. पांझरेवर, आणि शेजारच्या मोसम-आरम नद्यांवर, फड पद्धत चालायची. गावाच्या भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक, दरवर्षी फेरपालट. वरवर पाहिलं तर फारच ताठर; कुणी एकट्याने फडात मनाचं पीक लावू शकत नाही. पण नदीला पाणी कमी दिसलं की पंच एखादा फड कोरडा ठेवायचे. बहुतेकांचे तुकडे एकापेक्षा जास्त फडांत, त्यामुळे तोटा एकाच्याच अंगावर पडत नसे. एकट्याला मोकळीक नव्हती, गावाला होती. ओझरच्या संस्थेने विहिरीवर पट्टी लावली, त्यामागचा विचार मला याच घराण्यातला वाटतो.

चिठ्ठी लिहिणाऱ्या श्रोत्याला आता उत्तर देतो. तुमच्याकडे आहे तो बहुधा पिकाचा परवाना आहे, पाण्याचा नाही. तुमच्या चारीवर संस्था नोंदलेली आहे का बघा. असेल तर तिच्या तोंडाशी मापक आहे का, आणि मागच्या आवर्तनात त्याचं वाचन कुणी लिहून ठेवलं, हे विचारा. रब्बीचा हंगाम १५ ऑक्टोबरला धरतात, धरणात किती पाणी आहे ते तेव्हा कळलेलं असतं. त्याआधी संस्थेची बैठक लावा, आणि चारीवरच्या विहीरवाल्यांनाही बोलवा, त्यांनी पाणी अर्ज भरलेला नसला तरी.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.