‘कर’ला जात चिकटवू नका

महाड-पोलादपूरकडे नवख्या माणसाने आडनाव सांगितलं की समोरचा लगेच त्याची जात लावून मोकळा होतो. शेवटी ‘कर’ असेल तर विचारूच नका. कुणी म्हणतं हे अमक्या समाजाचे, कुणी ठासून सांगतं, ‘आमच्यात ‘कर’ नसतातच.’ सोयरिकीच्या बैठकीत आणि खोली भाड्याने देतानाही हे ऐकतो, आणि आता ऐकवत नाही. ‘कर’वरून कळतं ते गाव. तेही पूर्वजांचं.

इथलीच माणसं पाहा. ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ साली लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे महार समाजातले लष्करी पेन्शनर. राहणारे महाडजवळच्या रावढळचे, पण आडनाव रावढळकर नव्हे, वलंगकर. बाबासाहेबांच्या घराण्याचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, कूळ सकपाळ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव दाखल झालं ते मात्र आंबेडकर. बरं, सकपाळ म्हटल्यावर तरी जात कळते का? याच भागात मराठा सकपाळही आहेत. जावळीचे चंद्रराव मोरे मराठा सरदार होते, आणि मार्च १९२७ च्या महाड परिषदेसाठी खपलेले रामचंद्र बाबाजी मोरे अस्पृश्य मानलेल्या समाजातले. कुळाचं आडनावही जिथे जात सांगत नाही, तिथे गावाचं काय सांगणार?

आणि जातच कशाला, धर्मही कळत नाही. रोहेकर, पेणकर, केहीमकर, दिवेकर, आष्टमकर, झिराडकर ही नावं वाचून कोण आठवतं? बेने इस्रायली, म्हणजे आपल्याच रायगडातले ज्यू, यातलं प्रत्येक आडनाव लावतात. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव लागलं, शेजारच्या हिंदूला लागलं तसंच. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल यांचं आडनाव केहीमकर, ते किहीमवरून. ओळख लपवायला ही आडनावं घेतली, हा आणखी एक पसरलेला समज. ज्याचं पाळण्यातलं नाव हाईम आणि जो दर शनिवारी घाणा बंद ठेवतो, त्याने लपवलं काय?

त्यांच्या प्राचीन पूर्वजांच्या देशातही हीच रीत होती. आडनाव नव्हतंच, बापाचं नाव आणि गाव यांवरून माणूस ओळखला जायचा. मराठी बायबलात तर बेथलेहेमकर, शुनेमकरीण अशीच रूपं भेटतात. गावाच्या नावावरून माणूस आपला की परका हे तिथेही ठरत नव्हतं. दावीद राजाने लढाईत मारलेला शत्रू गल्याथ गथ गावचा. पुढे स्वतःच्या मुलाने बंड केल्यावर दावीद यरुशलेम सोडून निघाला, तेव्हा त्याची साथ न सोडणारा इत्तय हाही गथचाच, पलिष्ट्यांच्या म्हणजे शत्रूच्या मुलखातला. शंका असेल त्याने शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय काढून पाहावा.

बाकीचे समज छोटे आहेत. ‘कर’ म्हणजे त्या गावाचा खोत किंवा इनामदार: नाही, गाव सोडून गेलेल्या कुळालाही तेच नाव लागे. बायबलातली ‘हित्ती’सारखी सगळी नावं गावांची: नाही, उरीया हित्ती हा हित्ती लोकांपैकी, ते गाव नव्हे. शमशोन ‘नाजीर’ होता म्हणजे नासरेथचा होता: अजिबात नाही. नाजीर म्हणजे केस न कापण्याचं आणि द्राक्षारस न पिण्याचं व्रत घेतलेला माणूस, आणि शमशोनाचं गाव होतं सरा.