‘आंग्रिया’ : एका प्रवासी जहाजाची कथा

आमच्या वाशीमकडील मंडळींस समुद्राचें दर्शन क्वचितच घडतें. शिवाय सागरगमन निषिद्ध, असें पुष्कळांनीं वडिलांकडून ऐकलेलें असतें. बौधायनानें समुद्रप्रवास पातकांत गणिला हें खरें. परंतु उदीच्यांच्या आचारांतहि तोच त्याचा निर्देश करितो.

‘आंग्रिया’ हें जहाज १९९७ सालीं जपानांत बांधलें गेलें. सुमारें १३१ मीटर लांबीचें हें जहाज प्रथम ‘ओगासावारा मारू’ या नांवानें टोकियोहून सुमारें १००० किलोमीटर दूरच्या बेटांकडे जात असे. पुढें तें भारतांत आलें, सरखेल कान्होजींच्या आंग्रे घराण्याचें नांव त्यास मिळालें, आणि ऑक्टोबर २०१८ मध्यें मुंबई-गोवें फेऱ्या सुरू झाल्या. १०४ खोल्या, सुमारें ४०० उतारू, भोजनगृहें व पोहण्याचा तलाव अशी व्यवस्था होती. हजारों उतारू नेणाऱ्या विलासनौकांच्या मानानें हें जहाज मध्यमच. सायंकाळीं निघावें, सकाळीं गोव्यास उतरावें, असा क्रम असे. २०२० च्या साथींत फेऱ्या थांबल्या.

आमच्या मतें खरा प्रश्न प्रायश्चित्ताचा नसून सुरक्षिततेचा आहे. १७ जुलै १९४७ रोजीं, भर पावसाळ्यांत, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली व सहाशेंहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. त्यामुळें मदत वेळेवर पोंचली नाहीं.

म्हणून घरांतील मुलें जलपर्यटनाचा हट्ट धरतील, तेव्हां गृहस्थानें तिकिटाच्या दरापूर्वीं ऋतु, जीवरक्षक होड्या व पट्टे यांची चौकशी करावी. कुटुंबाचें रक्षण हाहि धर्मच होय.