प्रोसेसरचा कूलर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंटेलच्या नावात ‘के’ असलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरांसोबत २०१५पासून सहसा कूलर मिळत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. दुकानात चौकशी होते ती किमतीची आणि पंख्यांची. पण कूलर थंडावा तयार करत नाही, फक्त प्रोसेसरची उष्णता उचलून हवेत सोडतो. तो नीट बसला नाही, तर किमतीचा काही उपयोग नाही.

गैरसमज : महागडा कूलर लावला की उन्हाळ्यातही प्रोसेसर गार.
वस्तुस्थिती : हवेचा असो वा पाण्याचा, नेहमीचा कूलर प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हवा आणि प्रोसेसर यांच्या तापमानातला फरक किती राहील, एवढंच त्याच्या हातात असतं. हा फरक ४५ अंशांचा असेल, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७०वर राहील. मे महिन्यात नागपुरात खोलीच ४०वर गेली, की त्याच कामाला साधारण ८५. कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नसेल, तर आकडा आणखी चढतो.

गैरसमज : थर्मल पेस्ट जितकी जास्त, तितकी चांगली.
वस्तुस्थिती : पेस्ट हवेच्या शेकडो पट चांगली उष्णता वाहते, पण तांब्याच्या तुलनेत ती फारच मागे आहे. धातूच्या दोन पृष्ठभागांमधल्या बारीक फटींतली हवा हटवणं, एवढंच तिचं काम. बहुतेक प्रोसेसरांना मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. कूलरच्या दाबाने ती पसरते. जास्तीची कडेने बाहेर येऊन नुसती घाण करते.

गैरसमज : कोणताही कूलर कोणत्याही मदरबोर्डवर बसतो.
वस्तुस्थिती : इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटभोवतीच्या भोकांमध्ये ७५ मिलिमीटर अंतर होतं, एलजीए १७००मध्ये ते ७८ झालं. त्यामुळे जुन्या कूलरला नवं किट लागतं. एएमडीच्या एएम५ सॉकेटची मागची पट्टी काढता येत नाही, म्हणून स्वतःची पट्टी लावणारे कूलर तिथे चालत नाहीत. उंचीही पाहावी : नॉक्टुआचा एनएच-डी१५ पंख्यासह १६५ मिलिमीटर उंच आहे. अरुंद कॅबिनेटचं झाकण त्यावर लागणार नाही, आणि उंच रॅमही आड येऊ शकते.

गैरसमज : जुना कूलर सरळ वर ओढून काढायचा.
वस्तुस्थिती : एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट वाळून घट्ट झालेली असेल, तर कूलरसोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी थोडा वेळ काम चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग संगणक बंद करून वायर काढावी आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा.

गैरसमज : एकेक स्क्रू पूर्ण आवळत जायचं.
वस्तुस्थिती : तसं केल्यास कूलर एका बाजूला कलतो आणि दाब असमान पडतो. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे फिरवावेत. स्क्रू आपोआप थांबला की थांबावं. पुढे जोर लावू नये.

गैरसमज : पाण्याचा कूलर नेहमीच सरस.
वस्तुस्थिती : पाणी उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं, तिथून ती पंख्यांनी हवेतच सोडायची असते. मोठा, चांगला एअर कूलर लहान रेडिएटरच्या बरोबरीने चालतो, आणि त्यात झिजणारा पंप नसतो. पाण्याचाच घेतला, तर पंप सगळ्यांत वरच्या जागी येऊ देऊ नये. आतली हवा तिथे साठते.

गैरसमज : नव्वदी गाठली म्हणजे प्रोसेसर जळणार.
वस्तुस्थिती : २०२२मध्ये आलेले एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत चालतील असेच बनवले आहेत. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. खरी खूण वेगळी : काहीही चालू नसताना आकडा ८०च्या आसपास असेल, तर बसवण्यात चूक आहे. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ला जोडली आहे का, स्क्रू पूर्ण बसले आहेत का आणि कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म सोलली होती का, हे तपासावं. नवा कूलर घ्यायचा विचार त्यानंतर.